विंधनछिद्रांची वही

गावात कोणाच्या शेतात बोअर घेतला जात असला की दहा-वीस माणसे भोवती जमतातच. यंत्राचा कानठळ्या बसवणारा आवाज चालू असतो आणि भोकातून करड्या रंगाची पूड वर उडत असते. जाणती मंडळी ती पूड चिमटीत घेऊन पाहतात. 'काळा लागला', 'आता तांबडे आले', 'परत काळा' अशी चर्चा चालते. बोअरवाल्याच्या वहीत मात्र बहुधा दोनच आकडे उतरतात : एकूण किती फूट गेलो आणि पाणी किती फुटांवर लागले. पहिला आकडा बिलासाठी, दुसरा मालकाच्या समाधानासाठी. मधल्या सगळ्या थरांची माहिती वाऱ्यावर उडून जाते. दोन वर्षांनी शेजाऱ्याला बोअर घ्यायचा झाला तर पहिल्या बोअरमध्ये तो तांबडा थर नेमका किती खोलीवर होता, हे कोणालाही सांगता येत नाही.

या लेखात अशाच एका वहीची गोष्ट सांगायची आहे. फक्त ती नीट लिहिली जावी म्हणून काही माणसांनी आयुष्याची कित्येक वर्षे खर्ची घातली आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ईशान्य भागात १९५० नंतरच्या काळात तांबे व निकेल यांच्या शोधासाठी हजाराच्या वर छिद्रे जमिनीत घेतली गेली. ती वेगवेगळ्या कंपन्यांनी, वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या पद्धतींनी घेतली. त्या सर्वांच्या नोंदी एकत्र आणून संगणकात बसवणे हे काम ऐकायला कारकुनी वाटते. प्रत्यक्षात ते भूविज्ञानाचे काम आहे, आणि ते चुकले तर काय होते याची काही उदाहरणे आपण पाहणार आहोत.

काळ्या पाषाणाचा खोलातला भाऊ

आपल्या सह्याद्रीतला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून शिलारस बाहेर आला, थरावर थर पसरला आणि थिजला. असाच प्रकार सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिका खंडाच्या मध्यभागी घडला होता. तेथे खंड दुभंगू लागला होता. तो पुरता दुभंगला असता तर मध्ये समुद्र आला असता. पण ही फाट अर्धवटच राहिली. तिच्यातून वर आलेल्या बेसाल्टचे थर आज सुपीरियर सरोवराच्या काठाने दिसतात.

सगळाच शिलारस काही पृष्ठभागावर पोचला नाही. बराचसा खालीच, आधीच्या खडकांच्या मध्ये घुसून, सावकाश थंड झाला. बेसाल्टचे स्फटिक भिंगाशिवाय सहसा दिसत नाहीत. सावकाश थंड झालेल्या या खडकांचे स्फटिक मात्र मोठे, डोळ्यांनी दिसणारे असतात. हा गॅब्रो आणि त्याचा जवळचा नातलग ट्रोक्टोलाइट. प्लॅजिओक्लेज आणि ऑलिव्हीन ही दोन खनिजे ट्रोक्टोलाइटमध्ये प्रामुख्याने असतात. अशा खडकांच्या मिनेसोटातील मोठ्या समूहाला 'डुलुथ संकुल' म्हणतात. संकुल म्हणायचे कारण असे, की तो एकाच दमात आलेला शिलारस नाही. एकामागून एक अशी अनेक अंतर्वेशने तेथे झाली.

आता तांबे आणि निकेल. मुळात शिलारसात हे धातू अगदी अल्प प्रमाणात, विखुरलेले असतात. ते एकत्र यायचे तर गंधक हवे. शिलारसात गंधक पुरेसे झाले की सल्फाइडचे वितळलेले थेंब वेगळे होतात, कारण सिलिकेटच्या रसात सल्फाइडचा रस एका मर्यादेपलीकडे मिसळत नाही. ताक घुसळताना लोण्याचे कण वेगळे होतात, तसेच काहीसे. हे थेंब वाटेत भेटेल ते तांबे, निकेल, प्लॅटिनम, पॅलेडियम स्वतःत ओढून घेतात. लोण्याच्या उलट एवढेच, की हे थेंब जड असल्याने तळाकडे जातात.

डुलुथ संकुलाच्या पश्चिम कडेला हे गंधक कोठून आले, याचे उत्तर तळाखालच्या खडकांत मिळते. तेथे सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वीचे गाळाचे काळे खडक आहेत. त्यांना व्हर्जिनिया शैलसमूह म्हणतात आणि त्यांत लोहाची सल्फाइड खनिजे भरपूर आहेत. तापलेल्या शिलारसाने हे खडक भाजून काढले आणि त्यांतले गंधक आपल्यात घेतले. गंधकाच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजून या समजुतीला पुष्टी मिळाली आहे. म्हणून येथील तांबे-निकेलचे साठे बहुतांशी संकुलाच्या तळाजवळ, पश्चिम कडेने सुमारे ५० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात सापडतात. खडकात डोळ्यांना दिसतात ते सल्फाइडचे पिवळसर ठिपके. चाल्कोपायराइट व क्यूबनाइट ही त्यांतली तांब्याची खनिजे आणि पेंटलँडाइट हे निकेलचे.

अडचण अशी, की हा तळ आग्नेयेकडे उतरत जातो. कडेला तो जमिनीवर उघडा पडतो आणि आत जावे तसा खोल जातो. वर पुन्हा हिमयुगातल्या हिमनद्यांनी आणून टाकलेली माती-गोटे, दलदली आणि घनदाट जंगल. १९४८ साली ईली गावाजवळ कविशिवी नदीच्या बाजूला रस्त्यासाठी दगड-मुरूम काढताना खड्ड्यात गंजलेला, तांब्याची खनिजे असलेला खडक दिसला. फ्रेड चाइल्डर्स नावाच्या तेथील शोधकाने त्याचा पाठपुरावा केला आणि १९५१ साली पहिले छिद्र घेतले गेले. पुढे मोठ्या खाण-कंपन्या आल्या. पण जमिनीवर दिसणारा खडक इतका थोडा, की पुढची बहुतेक सगळी माहिती छिद्रांतूनच मिळवावी लागली.

दगडाची कांडी

आपल्या बोअरमध्ये खडकाचा भुगा होतो. खनिजाच्या शोधात तसे चालत नाही. तेथे पोकळ नळीच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेला कडा असतो. नळी फिरत खाली जाते, कडेचा खडक झिजतो आणि मधला भाग सलग दंडगोल कांडीसारखा नळीत शिरतो. यालाच गाभा म्हणतात. काम करणारे सरळ 'कोअर' म्हणतात. गाभा लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यांत ओळीने मांडतात आणि मध्ये मध्ये खोलीचा आकडा लिहिलेले ठोकळे ठेवतात. खडक भुसभुशीत असला तर थोडा गाभा हरवतोही. दहा फूट खोदले आणि आठच फूट कांडी आली, असे होते. हा हरवलेला दोन फुटांचा हिशोबही लिहावा लागतो.

नेहमीच्या आकाराच्या एका गाभ्याचा व्यास ४७.६ मिलिमीटर असतो. त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ विद्यार्थ्यांनी काढून पाहावे. ते साधारण १७.८ चौरस सेंटिमीटर येते. समजा, दर १०० मीटरवर एक छिद्र घेतले. म्हणजे एका छिद्राच्या वाट्याला १०० मीटर लांब व १०० मीटर रुंद जमीन आली, अर्थात १० कोटी चौरस सेंटिमीटर. म्हणजे आपण पाहिलेला खडक आणि त्यावरून ज्याच्याबद्दल बोलायचे तो खडक यांचे प्रमाण सुमारे ५६ लाखांत एक! भाताची परीक्षा आपण एका शितावरून करतो ती भात एकसारखा शिजलेला असतो म्हणून. खडक एकसारखा नसतो. तेव्हा जे काही हातात आले आहे त्याची नोंद अचूक असण्याला किती महत्त्व आहे, हे या एका आकड्यावरून लक्षात यावे.

गाभ्याचे निरीक्षण करून नोंद झाली की तो उभा चिरतात. अर्धा भाग दळून प्रयोगशाळेत रासायनिक पृथक्करणासाठी जातो आणि उरलेला अर्धा खोक्यात जपून ठेवतात. हा अर्धा भाग म्हणजे पुरावा. इंडोनेशियातील बुसांग येथे सोन्याचा प्रचंड साठा मिळाल्याचा दावा ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने केला होता, तो १९९७ साली बनावट ठरला. नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले गेले होते. त्या छिद्रांचा गाभा अर्धा जपून न ठेवता जवळजवळ पूर्ण दळला जात होता, ही गोष्ट आधीच खटकायला हवी होती, असे नंतर सगळेच म्हणू लागले. स्वतंत्रपणे पुन्हा छिद्रे घेतली तेव्हा नाव घेण्याजोगे सोने सापडले नाही.

चार तक्ते

एका छिद्राची माहिती संगणकात साधारणपणे चार तक्त्यांत भरतात. पहिल्यात छिद्राच्या तोंडाची जागा : नाव, पूर्व-पश्चिम व उत्तर-दक्षिण सहनिर्देशक, समुद्रसपाटीपासूनची उंची, एकूण लांबी. दुसऱ्यात दिशा : छिद्र कोणीकडे आणि किती अंशांनी कलते आहे. लांब छिद्र सरळ राहत नाही, ते खडकाच्या कलाने वळते. म्हणून ठरावीक खोलीवर उपकरण सोडून दिशा पुन्हा मोजतात. तिसरा तक्ता खडकांचा : इतक्या फुटांपासून इतक्या फुटांपर्यंत अमुक खडक. चौथा पृथक्करणाचा : इतक्यापासून इतक्यापर्यंत तांबे इतके टक्के, निकेल इतके टक्के. चारही तक्त्यांना जोडणारा धागा एकच, तो म्हणजे छिद्राचे नाव. एका तक्त्यात 'बी-१-५' आणि दुसऱ्यात 'बी१-५' लिहिले गेले, तर माणसाला ते एकच वाटते. संगणकाला ती दोन छिद्रे वाटतात आणि दोन्ही अर्धवट राहतात.

दुसऱ्या तक्त्याचे महत्त्व त्रिकोणमितीच्या तासाला सहज दाखवता येईल. आडव्या पातळीशी ६० अंशांचा कोन करून घेतलेल्या छिद्रात १०० मीटर अंतरावर तांबे लागले. ते जमिनीखाली १०० मीटर नाही, ८६.६ मीटर आहे आणि छिद्राच्या तोंडापासून ५० मीटर बाजूला आहे. कल नोंदवलेला कागद हरवला आणि छिद्र उभे आहे असे गृहीत धरले, की धातुकाचा साठा नकाशावर ५० मीटर सरकतो. डुलुथ संकुलातली बरीचशी छिद्रे उभी आहेत हे एक सुदैवच.

चौथ्या तक्त्यातील सरासरीची गंमत तर आठवी-नववीच्या मुलांनाही कळेल. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०० ते ११० फूट या भागात तांबे ०.४ टक्के, ११० ते ११२ फुटांत २.० टक्के आणि ११२ ते १२० फुटांत ०.५ टक्के. तिन्ही आकड्यांची साधी सरासरी काढली तर ०.९७ टक्के येते आणि कंपनीचे भागधारक खूष होतात. पण २.० टक्क्यांचा तुकडा फक्त दोन फुटांचा आहे. लांबीने गुणून पाहा : १० गुणिले ०.४ म्हणजे ४. २ गुणिले २.० म्हणजे ४. ८ गुणिले ०.५ म्हणजे पुन्हा ४. बेरीज १२, भागिले २० फूट. खरी सरासरी ०.६ टक्के.

कागदावरून पडद्यावर

आता जुन्या नोंदींकडे वळू. १९५० च्या दशकातली नोंद टंकलेखन यंत्रावर किंवा हाताने लिहिलेली असते. कार्बनची तिसरी प्रत, कोपरे फाटलेले, 'तीन'चा 'आठ' झालेला. पण अक्षर न लागणे ही त्यातली सर्वांत सोपी अडचण आहे.

पहिली खरी अडचण जागेची. कंपनी आपल्या पट्ट्यात एक खुंटी ठोकून तिला शून्य धरते आणि तेथून इतके फूट पूर्वेला, इतके फूट उत्तरेला अशी छिद्रे मांडते. काही वर्षांनी कंपनी जाते, खुंटी कुजते. मग जुना नकाशा घेऊन जंगलात हिंडायचे आणि जमिनीतून डोकावणारी लोखंडी नळी शोधायची. सरकारी नकाशातही एक फसगत असते. उत्तर अमेरिकेचे नकाशे पूर्वी १९२७ सालच्या भूमापन आधारावर काढत, नंतर १९८३ सालचा सुधारित आधार आला. मीटरमध्ये सहनिर्देशक देण्याच्या नेहमीच्या पद्धतीत या दोहोंमुळे मिनेसोटात एकच जागा उत्तर-दक्षिण सुमारे २०० मीटर सरकते. आकडे कोणत्या आधारावरचे, हे न लिहिता नुसते आकडे लिहून ठेवणारे लोक सर्व देशांत आहेत.

दुसरी अडचण एककांची. येथे मला स्वतःचीच गोष्ट सांगायला हवी. विद्यार्थी असताना एका जुन्या शोधमोहिमेचे कागद माझ्याकडे आले होते. त्यांतली सुरुवातीची छिद्रे फुटांत मोजलेली होती आणि नंतरची मीटरमध्ये. रकान्याच्या डोक्यावर मात्र नुसते 'खोली' असे लिहिलेले. मी सर्व आकडे मीटर समजून भरले. छेद काढला तर धातुकाचा थर एका ठिकाणी एकदम तिप्पट खोल गेलेला! मी तेथे मोठ्या आनंदाने एक प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून वरखाली सरकल्याची भेग, दाखवला. दोन दिवस मी त्या प्रस्तरभंगाला नाव काय द्यावे या विचारात होतो. मार्गदर्शकांनी छेद पाहिला आणि एवढेच विचारले, "हा प्रस्तरभंग बरोबर वर्ष बदलते तिथेच कसा आला?"

तिसरी अडचण खडकांच्या नावांची, आणि डुलुथ संकुलात सर्वांत जास्त काळ याच अडचणीने खाल्ला. एका भूवैज्ञानिकाने सगळ्याच काळ्या जाड स्फटिकांच्या खडकाला 'गॅब्रो' म्हणायचे, दुसऱ्याने त्याचेच पाच प्रकार करायचे. तिसऱ्याचे लक्ष फक्त सल्फाइडच्या ठिपक्यांकडे, बाकी खडक त्याला फुकटचा. प्रत्येकाची नोंद त्याच्या जागी बरोबर असेलही. पण शेजारशेजारची दोन छिद्रे दोघांनी नोंदवली असली, तर एकातला थर दुसऱ्यात कोठे जातो हे सांगता येत नाही. नुसत्या जुन्या नोंदी टंकून काढल्या असत्या तर हा गोंधळ तसाच, फक्त अधिक सुबक होऊन, संगणकात गेला असता.

यावर उपाय एकच होता : खोकी पुन्हा उघडायची. डुलुथ येथील मिनेसोटा विद्यापीठाच्या नैसर्गिक संसाधन संशोधन संस्थेतील मार्क सेव्हरसन या भूवैज्ञानिकाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे वर्षानुवर्षे हेच केले. जुन्या छिद्रांचे गाभे काढायचे आणि एकाच माणसाच्या नजरेने, एकाच पद्धतीने पुन्हा नोंदवायचे. त्यातून असे दिसले, की पार्ट्रिज रिव्हर या अंतर्वेशनात खडकांचे ओळखता येण्याजोगे एकावर एक असे पट्टे आहेत. त्यांना तळापासून क्रमांक दिले. सल्फाइड मुख्यतः पहिल्या, तळाच्या पट्ट्यात आढळते. तिसरा पट्टा ऑलिव्हीनच्या मोठ्या स्फटिकांमुळे ठिपकेदार दिसतो, त्यामुळे तो छिद्रामागून छिद्रात ओळखता येतो. हा पट्टा खुणेच्या दगडासारखा वापरून बाकीचे पट्टे जुळवता आले. ज्या खडकाला नुसते 'गॅब्रो' म्हणून सोडून दिले होते, त्यातूनच सगळ्या प्रदेशाची मांडणी हाती लागली. २००३ साली याच संस्थेने डुलुथ संकुलातील शोधछिद्रांची जागा, खडक, पट्टे आणि तांबे-निकेलचे पृथक्करण असा एकत्रित संगणकीय संग्रह प्रसिद्ध केला. रिचर्ड पॅटेल्के यांनी तो तयार केला होता.

हे शक्य झाले याला आणखी एक कारण आहे. राज्य शासनाकडून भाडेपट्टा घेणाऱ्या कंपनीने पट्टा संपल्यावर आपल्या नोंदी शासनाकडे द्याव्यात, असा तेथे नियम आहे. हिबिंग या गावी राज्य शासनाचे गाभ्यांचे ग्रंथालयच आहे. पुस्तकांऐवजी फळ्यांवर दगडांची खोकी. कोणीही अभ्यासक जाऊन ती उघडून पाहू शकतो.

न मोजलेले आणि नसलेले

चौथी अडचण मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ती दिसत नाही.

पृथक्करणाच्या तक्त्यात एखादा रकाना रिकामा असतो. त्याचे अर्थ निदान तीन निघतात. तो धातू तपासलाच नाही. तपासला पण सापडला नाही. किंवा सापडला, पण यंत्राला मोजता येण्यापेक्षा कमी होता. जुन्या कागदांत पुष्कळदा 'एन. डी.' अशी इंग्रजी अक्षरे असतात. कोणी ती 'नॉट डिटेक्टेड' म्हणजे 'आढळले नाही' या अर्थाने लिहितो, कोणी 'नॉट डिटर्मिन्ड' म्हणजे 'तपासले नाही' या अर्थाने. घाईने टंकणारा माणूस दोन्ही ठिकाणी शून्य मारतो. शून्य हा आकडा आहे. तो सरासरीत भाग घेतो. परीक्षेला गैरहजर मुलाला आपण शून्य गुण देऊन वर्गाची सरासरी काढली तर जे होईल तेच येथे होते. काही संग्रहांत न तपासलेल्या जागी उणे एक किंवा ९९९ लिहिण्याची प्रथा होती. ते आणखी वाईट, कारण ती खूण विसरलेला माणूस त्यांचीही सरासरी काढतो.

डुलुथ संकुलात हा प्रश्न नुसता हिशोबाचा राहिला नाही. १९५० ते ७० च्या दशकांत छिद्रे घेणारे लोक तांबे आणि निकेल शोधत होते, म्हणून त्यांनी तांबे आणि निकेल मोजले. प्लॅटिनम व पॅलेडियम यांचे रकाने बहुतेक छिद्रांत नव्हतेच. १९८५ साली मिनेसोटा विद्यापीठातील सॅबेलिन आणि इवासाकी हे दोन संशोधक बर्च लेक भागातील, ड्युव्हल नावाच्या कंपनीने पूर्वी घेतलेल्या १५ क्रमांकाच्या छिद्राचा गाभा तपासत होते. त्यांना अभ्यासायचे होते ते त्यातले क्रोमियम. त्या गाभ्यात त्यांना प्लॅटिनम गटाचे धातू लक्षणीय प्रमाणात आढळले. नवे छिद्र घ्यावे लागले नाही; दगड आधीपासून खोक्यातच पडून होता. त्यानंतर इतर जुने गाभे पुन्हा तपासायला घेतले गेले आणि या साठ्यांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. आज तेथील साठ्यांचे वर्णन तांबे, निकेल आणि प्लॅटिनम गटाचे धातू असे तिहेरी केले जाते.

आता कल्पना करा, की मधल्या काळात कोणी तत्परतेने सगळ्या नोंदी संगणकात भरल्या असत्या, प्लॅटिनमचा रकाना केला असता आणि तो शून्यांनी भरून टाकला असता. पुढच्या माणसाने ती खोकी उघडण्याचे कष्ट कशाला घेतले असते?

वहीतून काय निघते

नोंदी एकत्र आल्या की साठा किती याचा अंदाज करता येतो. १९७७ साली मिनेसोटा राज्याच्या भूवैज्ञानिकांनी तोवरच्या छिद्रांवरून अंदाज केला होता, की किमान ०.५ टक्के तांबे असलेले धातुक सुमारे ४.४ अब्ज टन आहे आणि त्यात सरासरी ०.६६ टक्के तांबे व ०.२० टक्के निकेल आहे. म्हणजे शंभर टन खडकात सहासात क्विंटल तांबे आणि दोन क्विंटल निकेल. बाकीचे नव्व्याण्णव टन कोठे ठेवायचे, हा प्रश्न त्या आकड्यातच लपलेला आहे.

तो प्रश्न कल्पनेतला नाही. डंका येथील लोखंडाच्या खाणीत, खालच्या लोहखनिजापर्यंत पोचण्यासाठी वरचा डुलुथ संकुलाचा खडक काढून ढीग घातले होते. १९७० च्या दशकापासून त्या ढिगांतून झिरपणाऱ्या पाण्यात निकेल आणि तांबे आढळू लागले. सल्फाइडला हवा आणि पाणी मिळाले की ते हळूहळू विरते, त्यातून आम्ल तयार होते आणि धातू सुटे होतात. कोणता टाकाऊ खडक बाहेर ठेवणे धोक्याचे आणि कोणता नाही, हे त्यातल्या गंधकाच्या प्रमाणावरून ठरवतात. म्हणजे छिद्रांच्या तक्त्यात गंधकाचाही रकाना हवा. आणि तो केवळ धातुकाच्या भागातच नव्हे, तर ज्या खडकात कोणालाही रस नव्हता त्या भागातही भरलेला हवा. जुन्या शोधकांनी नेमका तोच भाग पृथक्करणाला पाठवलेला नसतो. साहजिक आहे, त्यांना त्याचे पैसे कोण देणार होते?

या प्रदेशात खाणी व्हाव्यात की नाही यावर तेथे अनेक वर्षे तीव्र वाद आहे. एका बाजूला रोजगार आणि विजेच्या तारा, बॅटऱ्या यांसाठी लागणारे धातू. दुसऱ्या बाजूला बाउंडरी वॉटर्स हा संरक्षित सरोवरांचा प्रदेश आणि मनोमिन या जंगली भातावर जगत आलेला ओजिब्वे हा आदिवासी समाज. दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना शेवटी याच तक्त्यांकडे यावे लागते. माझे मत विचाराल तर या नोंदी कंपनीच्या कपाटात न राहता सार्वजनिक झाल्या, हा त्या राज्याने घेतलेला सर्वांत शहाणा निर्णय होय.

वर्गात करून पाहण्यासाठी

एका खोल डब्यात वेगवेगळ्या रंगांच्या मळलेल्या मातीचे पाच-सहा थर तिरके लिंपा. एखाद्या थरात थोडे मोहरीचे दाणे मिसळा आणि वर वाळू पसरून सगळे झाका. प्लास्टिकच्या पारदर्शक, जाड नळ्या घेऊन मुलांच्या दोन गटांना प्रत्येकी सहा छिद्रे घेऊ द्या. सूचना मुद्दाम अपुऱ्या द्या : 'काय काय दिसते ते लिहा' एवढेच. मग दोन्ही गटांचे कागद तिसऱ्या गटाला द्या आणि त्यांवरून डब्याचा उभा छेद काढायला सांगा. डबा व नळ्या त्यांना दाखवू नका. छिद्राची जागा कोणत्या कोपऱ्यापासून मोजली, 'तपकिरी' आणि 'विटकरी' हा एकच थर की दोन, मोहरी 'नाही' असे लिहिले आहे की मोहरीबद्दल काहीच लिहिलेले नाही, हे प्रश्न पंधरा मिनिटांत मुलांकडूनच येतील. त्यानंतर त्यांनाच नोंदीचा तक्ता आखू द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच नळ्या पुन्हा नोंदवायला द्या. नळ्यांची टोके ओल्या कापडाने बांधून ठेवावीत. नाहीतर माती रात्रीत सुकते, आकसते आणि खोलीचे आकडे बदलतात.